फाटकावर बुडवलेले मासे

माझ्या हाताखाली चौदा हजार मासे होते आणि इतक्या वर्षांत एकानंही मला उलटून उत्तर दिलं नाही. असं भाग्य हैदराबादच्या दुसऱ्या कुठल्याही सरकारी अधिकाऱ्याच्या वाट्याला आलेलं नाही. आमच्या प्रमुखांच्याही नाही, कारण त्यांच्या हाताखाली मी होते.

नारायणगुड्याच्या चौकातून आत वळलं की एका जुन्या दगडी बंगल्यात आमची कचेरी. दारावर प्राणिशास्त्राची लांबलचक इंग्रजी पाटी होती, पण रिक्षावाल्याला 'मरे सो मच्छी का दफ्तर' म्हटलं की तो बरोबर आणून सोडायचा. आत तीन मोठ्या खोल्या, जमिनीपासून छतापर्यंत मांडण्या, मांडण्यांवर काचेच्या बरण्या आणि बरण्यांत मासे. डोंगरातल्या ओढ्यांतले, गावोगावच्या तळ्यांतले, गोदावरीतले, काकिनाड्याच्या समुद्रातले. करंगळीच्या नखापासून ते माझ्या नवऱ्याच्या उंचीपर्यंत सगळी मापं होती. नवऱ्याच्या उंचीचा होता तो शार्क. स्वभावानंही तसाच, दात दाखवायचा, पुढं काही करायचा नाही.

आमचं घराणं सुलतान बाजारातलं. आजोबा निजामाच्या महसूल खात्यात, वडील मास्तर, काका वकील. घरात अंड्यालासुद्धा 'ते पांढरं' म्हणत. अशा घरातली मुलगी माशांच्या नोकरीला लागली तर केवढा गहजब व्हायला हवा. काही झाला नाही. नोकरी सरकारी आहे, पेन्शन आहे, एवढं कळल्यावर आईनं मासे मुकाट्यानं शाकाहारात घेतले. घरी आल्यावर कुठंही हात न लावता थेट न्हाणीघरात जायचं, एवढीच तिची अट. अट रास्त होती. संध्याकाळी मी बसमधून उतरले की सुलतान बाजारातल्या मांजरी दुतर्फा रांगा करून उभ्या राहायच्या. एकदा तर माझ्या मिरवणुकीमुळं वाहतूक अडली. खोटं वाटत असेल तर त्या वेळी चौकात ड्यूटीवर असलेल्या हवालदाराला विचारा. तो वारला बिचारा, पण विचारा.

लोकांना वाटतं, मासा धरला, बाटलीत टाकला, की झालं म्युझियम. तसं असतं तर आमच्याकडं आंब्याचं लोणचं घालणारी प्रत्येक बाई शास्त्रज्ञ ठरली असती. मासा आधी फॉर्मलीनमध्ये मुरवावा लागतो. औषध आतपर्यंत जावं म्हणून पोटाला एक चीर द्यायची, ती नेहमी उजव्या बाजूला. कारण माशाचं चित्र काढायचं ते डाव्या कुशीचं, तोंड डावीकडं करून, हा जुना रिवाज आहे, आणि ती बाजू शाबूत राहायला हवी. मग साध्या पाण्यात धुवून त्याला स्पिरिटमध्ये ठेवायचं. तीन भाग स्पिरिट, एक भाग पाणी. इतका कडक पेग शहरातल्या कुठल्या क्लबातही मिळत नव्हता. काही महिन्यांत रंग उडतो आणि लाल, हिरवे, रुपेरी सगळे मासे चहात बुडवलेल्या टोस्टच्या रंगाचे होतात. जातीपातीचा एवढा पक्का बंदोबस्त मी दुसरीकडं पाहिला नाही.

आणि शेवटी चिठ्ठी. ती बरणीच्या आत, माशाच्या सोबतीनं राहते. जाड कागदावर पेन्सिलीनं लिहायचं: कुठं सापडला, कधी सापडला, कुणी धरला. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी झुरळं खातात. आतली खायला जाईल ते झुरळ संग्रहात जमा होईल. ज्या माशासोबत चिठ्ठी नाही तो आमच्या लेखी मासाच नाही, नुसता वास.

हे सगळं मला शिकवलं आमचे प्रमुख डॉक्टर रंगाराव यांनी. उंच, वाकलेले, आवाज इतका हळू की आपण कान पुढं करायचा. त्यांना खोटं एक अक्षर चालत नसे, आणि वीस वर्षं मी त्यांच्या समोरच्या टेबलाशी बसले. माणूस किती सोशिक होता ते यावरून समजा. आमचं बोलणं तेलुगू, दखनी आणि इंग्रजीची मिसळ असे. इथं मी मराठीत सांगते, फक्त 'गारू' तेवढं ठेवते, ते तेलुगूतलं 'जी'. मी म्हणायचे, "सर, काल रस्त्यात एका टोपलीत हातभर लांब झिंगा बघितला." ते सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता विचारायचे, "कुणाचा हात, उदगीरकरगारू?" झिंगा तिथल्या तिथं वीतभर व्हायचा.

या माणसाचा स्वतःचा म्हणावा असा एकच मासा होता. तरुणपणी विकाराबादकडच्या डोंगरात एका ओढ्यात त्यांनी जाळं टाकलं तेव्हा तो आला. बोटाएवढा. रोहूच्या खानदानातला, पण फार गरीब शाखेतला. दिसायला काही नाही, मात्र कल्ल्यामागं एक ठिपका आणि पाठीवरच्या पराची ठेवण जराशी वेगळी. सरांना वाटलं, हा अजून कुणी नोंदवलेला नसावा. नवीन जात. आता नुसतं वाटून चालत नाही. अंगावरच्या खवल्यांची रांग मोजायची, परांतले काटे मोजायचे, सगळ्या भाऊबंदांशी ताडून बघायचं, मग बारसं. सरांनी अर्धं काम केलं आणि ते प्रमुख झाले. प्रमुख झाल्यावर माणसाला मासे सोडून सगळं मोजावं लागतं. पुढं ते त्या ओढ्यावर परत गेले, आणखी दोन-चार मासे मिळावेत म्हणून. तर वर दगडाच्या खाणी निघालेल्या आणि ओढ्याच्या जागी मुरुमाचा ढीग. म्हणजे त्या ओढ्यातला हा एकच मासा उरला, आणि तो आमच्या दुसऱ्या खोलीत, खिडकीकडच्या मांडणीवर.

"रिटायर होण्याआधी एवढं एक काम उरकायचं," सर दर उन्हाळ्यात म्हणायचे.

उन्हाळ्यात म्हणायचे, कारण उन्हाळ्यात आम्ही सगळ्या बरण्या खाली काढायचो. स्पिरिट उडतं. झाकणाला व्हॅसलीन लावा, वरून फडकं बांधा, ते उडतंच. आणि आमचा उन्हाळा म्हणजे काय सांगू, मे महिन्यात कचेरीच्या पायरीवर मी जोंधळ्याच्या लाह्या फुटताना पाहिल्यात. उडालं तेवढं स्पिरिट पुन्हा घालायचं, हेच आमचं वर्षातलं मोठं काम. नाही घातलं तर मासा उघडा पडतो, आकसतो, आणि त्याचे पर उडदाच्या पापडासारखे मोडतात. मग काय मोजणार?

तर अशा त्या बरण्यांवर नव्वदीच्या मध्यात गदा आली. सगळीकडं खुलं वारं होतं. हिमायतनगरात कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, गच्च्यांवर डिशच्या थाळ्या बसल्या होत्या, पानाच्या टपरीवर परदेशी कोल्ड्रिंक मिळत होतं. देशात सगळ्याची बंदी उठत होती आणि आमच्या राज्यात नेमकी दारूबंदी लागली. बंदीबद्दल माझी तक्रार नव्हती. गावोगावच्या बायांनी भांडून ती आणवली होती आणि मी त्यांच्याच बाजूची. पण स्पिरिट ज्या कारखान्यातून आमच्याकडं यायचं तिथूनच दारूलाही जायचं. हुकूम निघाला की स्पिरिटच्या एकूण एक परवान्याची फेरतपासणी होईल, तोवर नवं स्पिरिट बंद आणि आमच्या स्पिरिटच्या कोठीला कुलूप.

तपासणीला आले एक्साइजचे इन्स्पेक्टर वेंकटरत्नम. इस्त्रीची धार अशी की त्यांच्या बाहीवर मी पेन्सिलीला टोक काढलं असतं. माणूस प्रामाणिक, त्यामुळं अवघड.

"गेल्या वर्षी आलेले ड्रम कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

"रिकामे, मागं अंगणात."

"आतलं स्पिरिट?"

"हवेनं प्यायलं, साहेब."

"हवा रोज पिते?"

"रोज. मेमध्ये तर सकाळी उठल्यापासून."

ते हसले नाहीत. आमचे अटेंडंट खाजामियाँ स्टूल घेऊन बाजूला उभे होते. साठीला आलेला, पाच वेळचा नमाजी माणूस. साहेबांनी त्यांना आपादमस्तक पाहिलं. "तुम पीते क्या?"

"तौबा साब. मैं तो चाय भी आधी पीतौं."

"फिर ये मच्छी पीती क्या?"

"रात-दिन उसीच में डूब को बैठी सो है साब," खाजामियाँ शांतपणे म्हणाले, "पी तो भी बोलेगी क्या?"

साहेबांनी कोठीच्या कुलपाला लाखेचं सील ठोकलं आणि निघून गेले.

पुढचे आठवडे मी विसरू शकत नाही. रोज सकाळी खोलीत शिरलं की बरण्यांतली पातळी डोळ्यांना खाली गेलेली दिसायची. आम्ही मासा बरणीत डोकं खाली, शेपूट वर असा ठेवतो. शेपूट मुडपू नये म्हणून. त्यामुळं स्पिरिट उतरलं की आधी शेपट्या उघड्या पडतात. खोलीभर बरण्यांतून नुसत्या शेपट्या वर आलेल्या. शाळेत मास्तरांनी प्रश्न विचारल्यावर पोरं हात वर करतात तसं ते दृश्य होतं, आणि उत्तर माझ्याकडं नव्हतं.

सरांचा मासाही त्यातच. त्याची शेपटी अजून बुडालेली होती, पण जेमतेम. सरांना निवृत्त व्हायला काही महिने उरले होते आणि मोजणी बाकीच होती. मी म्हटलं, "सर, शार्कच्या पेटीतून फुलपात्रभर काढते आणि तुमच्या बरणीत घालते. तो काय बोलणार आहे? नाहीतरी तो सगळ्यांना हसतच असतो."

"नको."

"फुलपात्र नाही तर चमचाभर."

"उदगीरकरगारू, या खोलीत माझा मासा असा कुठला नाही. सगळे सारखे सुकू देत."

एवढं बोलून ते मेणाची पेन्सिल घेऊन उठले आणि त्यांनी प्रत्येक बरणीवर पातळीची रेघ ओढायला सुरुवात केली. रोज जुन्या रेघेखाली नवी रेघ. हवा किती पिते ते साहेबांना दाखवायचं होतं. आता त्या रेघांमुळं मला चोरून थेंबभरही घालता येईना. प्रामाणिक माणसांचा हा मोठा जाच असतो.

त्या काळात गेलेल्या बरण्यांचं दुःख मला अजून आहे. शहराच्या कडेच्या तळ्यांतले लहान मासे आधी गेले, कारण त्यांच्या बरण्या लहान. ती तळी आज कॉलनींच्या खाली आहेत. तिथल्या घरांत नळाला पाणी येत नाही म्हणून लोक टँकर मागवतात, आणि आपण कुणाच्या घरावर घर बांधलंय हे सांगणारे साक्षीदार माझ्या डोळ्यांदेखत बोंबलासारखे वाळले. या वाक्यात मी काहीही वाढवून सांगितलेलं नाही.

रेघा पुरेशा झाल्यावर सरांनी वेंकटरत्नमना बोलावून घेतलं. साहेब आले. त्यांनी प्रत्येक मांडणीशी वाकून रेघा पाहिल्या, मनातल्या मनात काही आकडेमोड केली आणि मान हलवली. "मान्य. उडतं."

मी सुटकेचा श्वास घेतला तोच ते म्हणाले, "पण ड्रम फाटकातून आत आल्यापासून बरणीत पडेपर्यंत ते पिण्याजोगं स्पिरिटच असतं. त्या मधल्या वेळेची हमी कोण देणार?"

"बरणीत पडल्यावर पिण्याजोगं राहत नाही, एवढं तरी मानता ना?" मी विचारलं.

"कशावरून?"

मग मी त्यांना आमची पाकट दाखवली. पाकट म्हणजे समुद्रातला चपटा, चाबकासारख्या शेपटीचा मासा. ही काकिनाड्याहून आलेली, परातीएवढी, आणि तिचा डबा घट्ट फिरकीच्या झाकणाचा, त्यातून काही उडत नसे, म्हणून माझ्या नोकरीआधीपासून कुणी उघडलेला नव्हता. मी खाजामियाँना खूण केली. त्यांनी नाकाला रुमाल बांधला, बिस्मिल्ला म्हटलं आणि झाकण फिरवलं.

त्या वासाचं वर्णन करायला मी असमर्थ आहे, म्हणून परिणाम सांगते. बाहेरच्या कडुनिंबावरचे कावळे उठले ते त्या वर्षी परत आले नाहीत. शेजारच्या बंगल्यातल्या वकिलांच्या सासूबाई मुक्काम हलवून दुसऱ्या जावयाकडं गेल्या. वकील मला पुढं कित्येक वर्षं दिवाळीचा फराळ पाठवत. भिंतीवरचं घड्याळ थांबलं. वेंकटरत्नम अंगणात गेले, नळाखाली तोंड धुतलं आणि बराच वेळ हौदाच्या कठड्यावर बसून राहिले. परत आले तेव्हा इस्त्रीची धार मोडली होती.

"हे कुणी पिणार नाही," ते म्हणाले. मग बराच विचार करून, प्रत्येक शब्द तोलून त्यांनी मार्ग काढला. "मासा पडला की ते दारू राहत नाही. ठीक. तर मग मासा फाटकातच पडला पाहिजे. ट्रक बाहेर थांबेल, ड्रममधलं स्पिरिट कॅनमध्ये ओतलं जाईल, आणि प्रत्येक कॅनमध्ये माझ्या डोळ्यांसमोर एक मासा बुडेल. मगच कॅन आत."

जगाच्या पाठीवर कुठल्याही एक्साइज खात्यानं असा नियम काढला नसेल. मी त्यांच्या पाया पडायची बाकी होते.

आता बुडवायला मासे हवेत आणि संग्रहातले वापरायला सर देणार नाहीत. म्हणून सुलतान बाजारच्या उदगीरकरांची लेक आयुष्यात पहिल्यांदा मासळी बाजारात पिशवी घेऊन गेली. मल्लम्मा नावाची कोळीण होती, आवाज असा की माझ्यासारखीनं गप्प बसावं. मी म्हटलं, लहान द्या, बोटभर, सगळे सारखे.

"कशात करणार, अम्मा? चिंचेच्या कोळात?"

"नाही, बुडवून ठेवणार."

"किती वेळ?"

"जमलं तर शंभर वर्षं."

तिनं माझ्याकडं, मग पिशवीकडं पाहिलं. "आमच्यात अर्धा तास पुरतो," ती म्हणाली आणि वर दोन मासे जास्तीचे टाकले. डोक्यानं अधू बाईला असू देत, म्हणून.

मासे मी रीतसर मुरवले, उजवीकडं चिरा दिल्या, धुतले. ठरलेल्या दिवशी ट्रक आला. वेंकटरत्नम छत्री घेऊन फाटकात उभे. परवाना त्या एकाच दिवसाचा. तो दिवस गेला की पुन्हा सगळी तपासणी पहिल्यापासून, आणि तोवर दुसऱ्या खोलीतल्या शेपट्या कुणाची वाट बघणार नव्हत्या. खाजामियाँनी पहिला कॅन भरला. मी चिमट्यात पहिला मासा धरून पुढं केला. तेवढ्यात मागून तो हळू आवाज आला.

"थांबा. याची चिठ्ठी?"

मी वळले. सर चष्मा पुसत उभे होते.

"सर, हा नुसता फाटकापुरता मासा आहे."

"म्युझियमच्या स्पिरिटमध्ये जाणारा मासा म्युझियमचा. जागा कुठली?"

"मल्लम्माची टोपली."

"टोपलीच्या आधी?"

"सर, तिलाच माहीत नाही. चार तळ्यांचा माल एकत्र होतो. ट्रक उन्हात उभा आहे. साहेबांचा परवाना..."

"जागा नसलेला मासा मी आत घेऊ शकत नाही," सर म्हणाले. आवाज एक सूतही चढला नाही. ज्याच्या एकुलत्या एका माशापायी मी कोळिणीच्या लेखी वेडी ठरले होते, तोच माणूस फाटकात आडवा उभा. दुसऱ्या कुठल्याही कचेरीत अशा वरिष्ठांना चहाला नेऊन तेवढ्यात काम उरकलं असतं. आमच्याकडं ती सोय नव्हती. मी वेंकटरत्नमकडं पाहिलं. वाटलं, आता हे छत्री मिटणार आणि ट्रक परत धाडणार.

साहेबांनी विचारलं, "डॉक्टरगारू, चिठ्ठी नसली तर काय होतं?"

"उद्या कुणी बरणी उघडली तर तो फसेल. त्याला वाटेल, हा मासा आपण कुठूनतरी शोधून आणला."

"आणि सगळ्यांची चीर एकाच बाजूला का?"

सरांनी सांगितलं. डाव्या कुशीचं, चित्राचं, जुन्या रिवाजाचं, सगळं सावकाश. उन्हात. ट्रकचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला. वेंकटरत्नम ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही आलं जे मी एरवी लग्नात, दूरचं नातं सापडलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर बघितलंय. आयुष्यभर त्यांना लोकांनी 'जाऊ द्या हो, साहेब' म्हटलं असणार. आज पहिल्यांदा त्यांच्यापेक्षा कडक माणूस भेटला होता.

"मॅडम," ते मला म्हणाले, "चिठ्ठ्या लिहा. मी थांबतो."

"पण लिहू काय? जागाच नाही."

"आहे ती जागा लिहा," सर म्हणाले. "जिथं मिळाला ती. बाजार."

मग मी फाटकाच्या कट्ट्यावर बसून, मांडीवर पाटी घेऊन, एकेका माशाची चिठ्ठी लिहिली. जागा: मासळी बाजार, मल्लम्माची टोपली, मूळ ठिकाण माहीत नाही. कुणी आणला: उदगीरकर. छत्री माझ्या डोक्यावर धरून राज्याचं एक्साइज खातं उभं होतं. मासा, चिठ्ठी, कॅन. मासा, चिठ्ठी, कॅन. प्रत्येक वेळी वेंकटरत्नम वाकून बघायचे आणि म्हणायचे, "बुडाला." ऊन कलायच्या आत शेवटचा कॅन आत गेला. कोठीचं सील त्यांनी स्वतः फोडलं.

भरायला घेतल्यावरही सरांनी क्रम मोडू दिला नाही. पहिल्या खोलीपासून ओळीनं. त्यांच्या बरणीची पाळी दुसऱ्या दिवशी आली तेव्हा शेपटीचं टोक उघडं पडून कडक झालं होतं. पण खवल्यांची रांग शाबूत होती, पाठीवरचा पर शाबूत होता. मी बरणी काठोकाठ भरली. सरांनी रेघा पुसल्या.

आणि मग खरंच ते मोजायला बसले. कचेरीची कामं त्यांनी माझ्या टेबलावर ढकलली, जी मी पुढं खाजामियाँकडं ढकलली, आणि खाजामियाँ ती नमाजानंतर अल्लाकडं सोपवत. सर सुईच्या टोकानं एकेक खवला मोजायचे, मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून. इतर संग्रहांतून आलेली चित्रं, जुनी वर्णनं, सगळं टेबलावर पसरलेलं. मी तिकडं न बघितल्याचं सोंग करत होते. पेढे कुठल्या दुकानातून आणायचे तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

एका दुपारी त्यांनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

"झालं बारसं?" मी विचारलं.

"नाव आहे त्याला."

"काय ठेवलंत?"

"मी नाही ठेवलं. आधीचंच आहे. साधा मासा आहे, उदगीरकरगारू. कृष्णेच्या खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी सापडतो. या ओढ्यातला जरा वेगळा दिसला, इतकंच. मी तरुण होतो तेव्हा."

मला एवढा राग आला की वाटलं, ती पाकट परत उघडून बसावं. वास, बाजार, छत्री, चिठ्ठ्या, सगळं एका साध्या माशासाठी. सर मात्र नेहमीसारखे सुई पुसत होते. त्यांनी मासा बरणीत ठेवला, डोकं खाली, शेपूट वर. चिठ्ठीवर पेन्सिलीनं त्याचं नाव लिहिलं, ओढ्याच्या नावाखाली, जसं इतर चौदा हजारांवर होतं तसंच. झाकणाला व्हॅसलीन लावलं. मग ती मांडणीवर ठेवताना त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. तसेही ते सगळं सावकाशच करत, म्हणून फक्त मला कळलं.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात एक तरुण जोडपं आलं. पुण्याचं, दोघंही कॉम्प्युटरवाले, हिमायतनगरात नुकतंच बिऱ्हाड केलेलं. बाहेरची पाटी वाचून कुतूहलानं शिरले होते. माझं मराठी ऐकून मुलगी खूष झाली. "काकू, तुम्ही दाखवा ना सगळं." मी शार्क दाखवला, त्याची माझ्या नवऱ्याशी ओळख सांगितली. फिरत फिरत आम्ही दुसऱ्या खोलीत, खिडकीपाशी आलो. दोघं पुढं निघाले होते. मी थांबवलं.

"हा बघितलात का?"

"हा छोटासा?" मुलगा म्हणाला. "काय विशेष आहे याच्यात?"

"जगात असा दुसरा नाही," मी म्हटलं. "आमच्या डॉक्टरसाहेबांनी शोधला. एका ओढ्यात जाळं टाकलं आणि हा एकटा आला. त्यानंतर कुणाला मिळाला नाही आणि मिळणारही नाही. परदेशातून लोक विचारत असतात. आम्ही देत नाही."

दोघं बरणीशी वाकले. तेवढ्यात मला जाणवलं की मागं दारात सर उभे आहेत. वीस वर्षं माझ्यासमोर बसल्यावर माणसाला मराठी कळतं. सरांना सगळं कळत होतं. ज्यांनी माझा झिंगा कधी वीतभराच्या वर जाऊ दिला नाही, ते आता चष्मा काढतील, पुसतील आणि त्या हळू आवाजात विचारतील, हे मला ठाऊक होतं. मी वाट बघत राहिले.

सर पुढं आले. बरणी उचलून त्यांनी ती खिडकीच्या उजेडात, मुलीच्या डोळ्यांसमोर धरली, डावी कूस तिच्याकडं करून.

"नीट बघा," ते मराठीत म्हणाले.